कॉन्फरन्स : एका विद्यार्थिमंडळाची कथा

दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात एकदा एका मुलाने मला प्रश्न विचारला. रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या दाराशी पेटी घेऊन उभ्या राहणाऱ्या संत विन्सेंट दी पॉल संस्थेच्या वयस्कर मंडळींना आपल्याकडे सारेच 'कॉन्फरन्सवाले' म्हणतात. तो मुलगा म्हणाला, "फादर, कॉन्फरन्स म्हणजे परिषद ना? माझ्या ताईच्या कॉलेजात कॉन्फरन्स होती, तेव्हा बाहेरगावचे पाहुणे आले, भाषणे झाली, जेवण झाले. मग गरिबांना तांदूळ वाटणाऱ्यांना कॉन्फरन्स का म्हणतात?"

सारा वर्ग हसला. मीही हसलो आणि संस्थेविषयी चार जुजबी गोष्टी सांगून पुढच्या धड्याकडे वळलो. पण घरी आल्यावर मन खाऊ लागले. त्या मुलाने नकळत एका इतिहासाच्या बंद दारावर थाप मारली होती. 'कॉन्फरन्स' हे नाव कोणा धर्माधिकाऱ्याने दिलेले नाही. ते आले आहे विद्यार्थ्यांच्या एका वादसभेतून. महाविद्यालयीन मुलांच्या अशा एका मंडळातून, जिथे संध्याकाळी जमून भाषणे करायची आणि टाळ्या घ्यायच्या, एवढाच कार्यक्रम असे. ते मंडळ देवळाच्या दारातील त्या पेटीपर्यंत कसे येऊन पोहोचले, याची ही कथा आहे.

कथा सुरू होते पॅरिस शहरात. १८३० च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि राजा दहावा चार्ल्स पदच्युत झाला. ख्रिस्तसभा राजाच्या पक्षाची, असे लोकांच्या मनाने घेतले होते. १८३१ च्या फेब्रुवारीत जमावाने पॅरिसच्या आर्चबिशपांचा वाडा लुटून उद्ध्वस्त केला. अशा शहरात त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात लिओं गावचा अठरा वर्षांचा एक मुलगा कायद्याच्या शिक्षणासाठी आला. त्याचे नाव फ्रेडरिक ओझानाम. जन्म २३ एप्रिल १८१३ चा, इटलीतील मिलान शहरातला. वडील डॉक्टर होते. आईवडिलांना एकूण चौदा अपत्ये झाली, त्यांतील बहुतेक बालपणीच गेली. घर भाविक होते, परंतु शाळेच्या अखेरच्या वर्षांत या मुलाच्या मनात श्रद्धेविषयी संशयाचे काहूर उठले होते. आबे न्वारो या धर्मगुरू शिक्षकांनी त्याला हाताला धरून त्यातून बाहेर काढले. ज्याने संशयाची रात्र भोगली आहे, तो संशयी माणसाशी रागाने बोलत नाही. ओझानामच्या पुढील आयुष्यात हा गुण ठायी ठायी दिसतो.

पॅरिसमध्ये त्याला फार एकटे वाटले. सुदैवाने थोर वैज्ञानिक आंद्रे मारी आंपेर यांनी त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. विजेचा प्रवाह आपण ज्यांच्या नावाने मोजतो, तेच हे आंपेर. मनाने खचलेला ओझानाम एकदा एका देवळात शिरला, तेव्हा कोपऱ्यात गुडघे टेकून जपमाळ करणारे आंपेर त्याच्या दृष्टीस पडले, अशी हकीकत सांगितली जाते. विद्वत्ता आणि जपमाळ एका हातात मावू शकतात, हे त्याने तिथे पाहिले.

विद्यापीठात मात्र निराळेच वारे होते. सॉर्बोनमधील काही प्राध्यापक व्याख्यानांतून ख्रिस्ती धर्माची टिंगल करीत. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झुफ्र्वा यांनी दैवी प्रकटीकरणावर टीका केली, तेव्हा ओझानाम व त्याच्या मित्रांनी आपले आक्षेप लेखी कळविले. आरडाओरड नाही, बहिष्कार नाही, मुद्द्याला मुद्दा. अखेर प्राध्यापकांना त्यांची दखल घ्यावी लागली. वर्गात विखुरलेली कॅथलिक मुले या निमित्ताने एकमेकांना ओळखू लागली.

या मुलांना जमायला जागा हवी होती. ती दिली इमान्युएल बाय्यी या गृहस्थाने. बाय्यी चाळिशीला टेकलेले, संसारी, छापखाना आणि वृत्तपत्र चालविणारे प्रापंचिक मनुष्य. विद्यार्थ्यांवर त्यांचा फार लोभ. क्रांतीपूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासमंडळ चालविले होते. ते क्रांतीच्या धामधुमीत मोडले. आता १८३२ साली त्याच्या अवशेषांतून नवे मंडळ उभे राहिले. त्याचे नाव 'कॉन्फेरांस दिस्त्वार', म्हणजे इतिहासाची चर्चासभा. वकिलीच्या व साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकत्र जमून वादविवादाचा सराव करायचा, अशा सभांना तिकडे 'कॉन्फेरांस' म्हणत. आपल्या पेटीवरील शब्दाचे मूळ हे असे एका कॉलेज-मंडळात आहे.

या मंडळाचा एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो. तेथे केवळ कॅथलिकांनाच प्रवेश असे नव्हते. नास्तिक, संशयवादी, समाजवादी, कोणीही यावे आणि बोलावे. इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय यांवर निबंध वाचले जात, त्यांवर कडाडून चर्चा होई. आपली माणसे आपल्यालाच टाळ्या देतात अशा सभेत माणूस लवकर आळसावतो. या मुलांनी विरोधकाला मानाने खुर्ची दिली आणि त्या खुर्चीतूनच त्यांना तो प्रश्न ऐकू आला, ज्याने त्यांचे आयुष्य बदलले.

विरोधकांत सेंट-सिमोंचे अनुयायी होते. १८२५ साली दिवंगत झालेल्या या विचारवंताचे शिष्य श्रमिकांच्या दैन्याविषयी पोटतिडकीने बोलत. पॅरिसमध्ये ते दैन्य शोधायला दूर जावे लागत नसे. १८३२ च्या वसंतात शहरात पटकीची साथ येऊन १८ हजारांहून अधिक माणसे दगावली होती, आणि दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांना तिचा तडाखा भयंकर बसला होता. अशा काळात ओझानाम व त्याचे मित्र सभेत उभे राहून ख्रिस्तसभेने पूर्वी काय काय केले ते सांगत. रुग्णालये उभारली, गुलामांना माणुसकी दिली, विद्यापीठे स्थापिली. एके दिवशी प्रतिपक्षाने उत्तर दिले. त्याचा आशय असा की, हे सारे गतकाळाविषयी खरे आहे. पण आज तुमचा धर्म काय करतो? आणि तुम्ही, स्वतःला कॅथलिक म्हणविणारे तरुण, गरिबांसाठी काय करीत आहात? तुमच्या श्रद्धेची कृती आम्हांला दाखवा.

वादसभेतील पटाईत मुलाला या प्रश्नाला उत्तर देणे अवघड नव्हते. आकडे काढता आले असते, धर्मभगिनींची उदाहरणे देता आली असती, उलट प्रश्न विचारून टाळ्या मिळविता आल्या असत्या. ओझानामने यातले काही केले नाही. विरोधकाचे म्हणणे खरे आहे, हे त्याला कळले, आणि कळलेले त्याने मान्य केले. माझ्या मते ख्रिस्तसभेच्या आधुनिक इतिहासातील हा एक मोठा क्षण होय. सभा संपल्यावर तो आणि त्याचा मित्र ऑग्युस्त ल तायांदिए यांनी आपल्याकडे उरलेले जळाऊ लाकूड उचलून एका गरिबाच्या घरी नेऊन दिले, असे सांगतात. वादाचे उत्तर लाकडाच्या मोळीने दिले गेले.

मंगळवार, २३ एप्रिल १८३३ रोजी संध्याकाळी बाय्यी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले. योगायोगाने ओझानामचा तो विसावा वाढदिवस होता. बाय्यी अध्यक्ष झाले. उरलेले सहाही जण विशीच्या आसपासचे विद्यार्थी : ओझानाम, ल तायांदिए, फ्रांस्वा लालिए, पॉल लामाश, फेलिक्स क्लावे आणि ज्यूल दव्हो. यांत एकही धर्मगुरू नव्हता, हे मी धर्मगुरू असूनही आनंदाने नमूद करतो. नव्या मंडळाला जुन्या मंडळाचेच नाव चिकटले. एक इतिहासाची कॉन्फरन्स होती, ही प्रेमकार्याची कॉन्फरन्स.

उत्साह होता, पण गरिबांच्या घरी जायचे कसे, बोलायचे काय, हे या सुशिक्षित मुलांना कोठे ठाऊक होते? तेव्हा दव्हो गेला सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्याकडे. संत विन्सेंट दी पॉल यांनी १६३३ साली स्थापन केलेल्या प्रेमकन्यांच्या संघातील या धर्मभगिनी मूफ्तार या अत्यंत दरिद्री वस्तीत तीस वर्षे काम करीत होत्या. बरोबर दोनशे वर्षांनी संत विन्सेंटच्या एका लेकीच्या दाराशी हे विद्यार्थी शिष्य म्हणून उभे राहिले. सिस्टरांनी त्यांना काही कुटुंबांची नावे दिली आणि त्यांच्यासाठी भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या. त्याहून मोलाची दिली ती शिकवण : गरिबाच्या घरी गेल्यावर घाई करू नका, त्याचे बोलणे ऐका, ऐकण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नका. वादसभेत बोलायला शिकलेल्या मुलांना ऐकायला शिकविले ते या बाईने. त्यांचे हे दुसरे विद्यापीठ, आणि त्याच्या कुलगुरू सिस्टर रोझाली.

मग हे विद्यार्थी दर आठवड्याला चार-पाच मजल्यांचे अंधारे जिने चढू लागले. साप्ताहिक सभेत प्रार्थना, आध्यात्मिक वाचन, भेटींचा वृत्तांत आणि अखेर सदस्यांनी आपापल्या परीने गुप्तपणे दिलेली वर्गणी. कोणी किती दिले हे कोणाला कळत नसे. आज आपल्या धर्मग्रामातील कॉन्फरन्सची सभा ज्या रीतीने चालते, ती रीत अशी फार जुनी आहे.

या भेटींत पुस्तकी विद्या निरुपयोगी ठरली, असे मात्र समजू नये. ओझानामच्या चरित्रात एका स्त्रीची हकीकत येते. ती राबून मुलांना पोशी आणि नवरा सारे दारूत घालवून तिला मारझोड करी. ओझानामने चौकशी केली तेव्हा त्या दोघांचा कायदेशीर विवाह झालेलाच नव्हता असे आढळले. तिला वाटे की आपण जन्माच्या बांधल्या गेलो आहोत. कायद्याच्या त्या विद्यार्थ्याने आपली विद्या पणाला लावून तिची सुटका केली. मित्रांनी वर्गणी काढून तिला तिच्या माहेरच्या मुलखात, ब्रिटनी प्रांतात पाठविले, आणि तिच्या मोठ्या मुलांना बाय्यींच्या छापखान्यात काम मिळाले. भाकरीची चिठ्ठी त्या बाईची एका दिवसाची भूक भागवू शकली असती. तिला मोकळे करायला कायदा जाणणारा माणूस हवा होता.

मंडळ वाढू लागले. १८३४ साली त्याने संत विन्सेंट दी पॉल यांना आपले आश्रयदाते मानले. त्याच वर्षाच्या अखेरीस सदस्यसंख्या शंभराच्या घरात गेली आणि एका सभागृहात बसणे कठीण झाले. ओझानामने सुचविले की, मंडळाचे विभाग पाडावेत. यावर मोठा वाद झाला. जीव लावलेले मित्र, रंगलेल्या संध्याकाळी, हे मोडायचे कसे? काहींच्या डोळ्यांत पाणी आले. प्रत्येक चांगल्या मंडळावर हा प्रसंग येतो. मैत्रीची ऊब हीच ध्येयाच्या जागी येऊन बसते. अखेर १८३५ च्या आरंभी विभाग झाले, आणि पुढे दर विभागाला 'कॉन्फरन्स' हेच नाव राहिले. त्याच वर्षी संस्थेची नियमावली तयार झाली. शिक्षण संपवून गावी परतणारे विद्यार्थी हे रोपटे बरोबर नेऊ लागले. १८३५ साली नीम शहरात, नंतर लिओंमध्ये, १८३६ साली रोममध्ये कॉन्फरन्स सुरू झाली. त्या दिवशी रडून एकत्र राहिले असते, तर आज आपल्या गावापर्यंत काहीच आले नसते.

याच मुलांनी आणखी एक कार्य केले. आजच्या तरुणांना समजेल अशा भाषेत प्रवचने व्हावीत, म्हणून १८३३ व १८३४ साली त्यांनी आर्चबिशप द केलें यांच्याकडे सह्यांचे अर्ज नेले. त्यातून पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरातील उपवासकाळातील व्याख्याने उभी राहिली. १८३५ साली फादर लाकोर्देर यांना ऐकायला तेथे हजारोंची गर्दी लोटली. त्या व्याख्यानांनाही 'कॉन्फेरांस' हेच नाव. या मुलांनी गरिबांसाठी चर्चा सोडून दिली नाही. चर्चेला त्यांनी पाय दिले.

येथे आपल्या मुंबईची एक आठवण सांगावीशी वाटते. पॅरिसशी तिचा काही संबंध नाही, पण वाट तीच आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही सभा काढली. निबंध वाचावेत, चर्चा करावी, हाच तिचाही हेतू. मराठी व गुजराती भाषांतून ज्ञान पसरविण्यासाठी 'ज्ञानप्रसारक' सभाही निघाल्या. स्त्रीशिक्षणावर चर्चा झाली, आणि ती तेथेच थांबली नाही. १८४९ साली या मंडळींनी मुलींसाठी शाळा उघडल्या; दादाभाई नवरोजी व त्यांचे सोबती सकाळच्या वेळी विनावेतन शिकवीत. धर्म निराळे, देश निराळा; परंतु निबंधाकडून कृतीकडे जाणारे पाऊल सारखेच. विद्यार्थ्यांचे मंडळ म्हणजे पोरखेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन सभांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा.

ओझानामने पुढे विद्येकडे पाठ फिरविली नाही. १८३६ साली तो कायद्याचा आणि १८३९ साली साहित्याचा डॉक्टर झाला. दांते या इटालियन महाकवीवरील त्याचा प्रबंध विद्वानांनी वाखाणला. ज्या सॉर्बोनमध्ये त्याने आक्षेपांच्या चिठ्ठ्या धाडल्या होत्या, तेथेच तो परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. १८४१ साली अमेली सुलाक्र्वा हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली. १८४८ च्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर मजूर व सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, तेव्हा आर्चबिशप आफ्र यांनी समेटासाठी मध्ये पडावे अशी विनंती करायला गेलेल्यांत ओझानाम होता. आर्चबिशप गेले, गोळी लागून २७ जूनला मरण पावले. ही जखम ओझानामच्या मनात राहिली. मजूर उपाशी का, हा प्रश्न भाकरीच्या चिठ्ठीपुढचा आहे, हे तो जाणून होता. दान द्यावेच, पण न्यायही मागावा, असे तो लिहीत राहिला. पोप तेरावे लिओ यांचे श्रमिकांविषयीचे परिपत्रक १८९१ साली निघाले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय शहरी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठाच्या आवारातील देवळात, विद्यार्थ्यांच्या सहवासात, तो विसावला आहे.

२२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्य' म्हणून घोषित केले. तो सोहळा झाला नोत्र-दाम महामंदिरात, जगभरचे तरुण जागतिक युवादिनासाठी पॅरिसमध्ये जमले असताना. सिस्टर रोझालींना हा मान २००३ साली लाभला. शिष्य आधी आणि गुरू मागाहून. त्या माउलीला याचे वाईट वाटले नसेल.

आता मी माझ्याकडे वळतो. सेमिनरीत असताना आमचेही वादविवाद मंडळ होते. 'दारिद्र्य' या विषयावर बोलून मी पहिले बक्षीस मिळविले होते. भाषण पाठ होते, हातवारे आरशासमोर बसविलेले होते. तोवर मी एकाही झोपडीत पाऊल टाकलेले नव्हते. हे मला कोणी विचारले नाही, कारण आमच्या सभेत विरोधकाची खुर्चीच नव्हती. ओझानामची कथा वाचताना ते बक्षीस आठवते आणि मान खाली जाते.

आपली मुले आज महाविद्यालयांतून वाङ्मय मंडळे, नाट्यमंडळे, वादविवाद मंडळे गाजवितात. याचा मला अभिमान वाटतो. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत कितीतरी मुले-मुली गावोगावी श्रमदान करून येतात. कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी १९२४ साली स्थापन झालेली 'आयकफ' ही संघटना आहे. प्रश्न असा आहे की, धर्मग्रामात परतल्यावर या मुलांना आपण कोणते काम देतो? नाताळचे नाटक, प्रश्नमंजूषा, सणाच्या दिवशी मांडव. गरिबांच्या घरी जाण्याचे काम मात्र आपण निवृत्त मंडळींकडे सोपवून मोकळे झालो. त्या ज्येष्ठांचे उपकार मी विसरत नाही. उन्हापावसात, गुडघे दुखत असताना ते जिने चढतात. आमच्या कॉन्फरन्समधील सर्वांत तरुण सभासद माझ्याहून मोठे आहेत. पहिल्या कॉन्फरन्समध्ये सहा विद्यार्थी होते आणि वडीलधारे एकटे बाय्यी. दोष मुलांचा नाही. जे त्यांच्या वयाच्या मुलांनी सुरू केले, ते त्यांचे आहे, असे आपण त्यांना कधी सांगितलेच नाही.

संत याकोबाने आपल्या पत्रात विश्वास आणि कृती यांची गाठ घालून दिली आहे; ती आपण दरवर्षी ऐकतो. पॅरिसच्या मुलांना मात्र ती एका विरोधकाच्या तोंडून ऐकावी लागली. आपल्या मुलामुलींना महाविद्यालयात असा प्रश्न विचारणारा कोणी भेटला, तर त्याच्यावर रागावू नका, असे मी आईवडिलांना सांगेन. त्या प्रश्नातून काय उगवेल, हे आपल्याला ठाऊक नसते.

वर्गातील त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात ही सारी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे फादर, ती कॉन्फरन्स मुळात कॉलेजचीच होती." मी म्हटले, "होय बाळा, तुमचीच होती." तो क्षणभर थांबला आणि त्याने विचारले, "यांची मीटिंग किती वाजता असते?"